ताप अंगावर काढून हजेरी लावणारे ऑफिस

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात कस्टम क्लिअरिंगचे, म्हणजे परदेशी व्यापाराचा माल कस्टममधून सोडवून देण्याचे काम करणाऱ्या कंपनीच्या ऑफिस मॅनेजर लिहितात, की यंदा गणपतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत ४२ पैकी १७ जण तापाने आळीपाळीने आडवे झाले. मधुमेह असलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला न्यूमोनिया होऊन रुग्णालयात राहावे लागले. ते आता बरे आहेत. ‘पुढच्या वर्षी असे होता कामा नये’ असे बजावून शेठनी नियमावली करायला सांगितली आहे. सर्वांना फ्लूची लस सक्तीची करायची, न घेणाऱ्याचा पगार कापायचा, दारात थर्मल गन ठेवायची आणि तापाच्या रजेसाठी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांचा दाखला मागायचा, असे तिचे स्वरूप आहे. पूर्ण हजेरीचा दरमहा २,००० रुपयांचा भत्ता मात्र तसाच ठेवायचा, कारण तो काढला तर ‘लोक खोट्या तापाच्या रजा घेतील’. पत्रलेखिकेला हे सगळे पटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही. माणसे लोकलच्या गर्दीतून येतात, पावसात भिजतात, मग ऑफिसात काळजी घेऊन उपयोग काय, असेही त्यांना वाटते. दरम्यान, ज्याने ताप असताना कामावर येऊन ‘साथ आणली’ असे सगळे म्हणतात, त्या डॉक्युमेंटेशनमधल्या तरुणाला रोज टोमणे ऐकावे लागत आहेत.

उत्तर :

तुमच्या पत्रातली नियमावली मी दोनदा वाचली, पण माझे लक्ष त्या तरुणाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलेल्या तीन ओळींकडेच पुन्हा पुन्हा गेले. तो चिपळूणजवळच्या गावचा आहे, गणपतीला घरी जाण्यासाठी त्याने किरकोळ रजा जपून ठेवल्या होत्या, आणि त्या आठवड्यात दोन शिपमेंटची बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टमला द्यायची विवरणपत्रे) भरायची त्याच्याकडे बाकी होती. म्हणजे तो दोन दिवस घरी राहिला असता तर गणपतीच्या रजेतले दोन दिवस गेले असते, २,००० रुपयांचा भत्ता बुडाला असता आणि त्याच्या फायली दुसऱ्या कोणाला ठाऊक नसल्यामुळे पार्टीचे, म्हणजे ग्राहकाचे, फोनही त्यालाच आले असते. हे सगळे टाळण्यासाठी त्याने क्रोसिन घेतली आणि तो कामावर आला. त्याच्या जागी तुमच्या ऑफिसातल्या बहुतेकांनी हेच केले असते, आणि मला खात्री आहे की काहींनी या तीन आठवड्यांत केलेही आहे. फक्त त्याचा नंबर पहिला लागला.

तोही पहिला होता की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस, सरासरी दोन दिवस जातात, आणि ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना आजार देऊ शकतो. त्यामुळे साथ कोणी आणली याचा शोध सोडून द्या आणि टोमणे थांबवा, हे माझे पहिले सांगणे आहे. ते केवळ त्या मुलाच्या भल्यासाठी नाही. आज त्याची जी गत झाली ती पाहणारा प्रत्येक जण पुढच्या वेळी आपला ताप लपवील.

शेठच्या नियमावलीत माझ्या मते मोठी उणीव ही आहे, की आजारी माणसाला घरी राहणे जे महाग पडते, त्याला तिच्यातले एकही कलम हात लावत नाही. उलट पहिल्या दिवसापासूनच्या दाखल्याने ते आणखी महाग होते. अंगात १०२ ताप असलेल्या माणसाला दाखल्यासाठी दवाखान्याच्या गर्दीत दोन तास बसायला लावण्यात वैद्यकीय अर्थ काही नाही. धडधाकट वयाच्या बहुतेकांचा फ्लू विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल यांवर उतरतो. डॉक्टर कोणी व कधी गाठावा याचे निकष वेगळे आहेत, ते पुढे लिहितो. पण रजा मंजूर करून घेणे हा त्यांतला निकष नव्हे. दाखला मागायचाच असेल तर तो तिसऱ्या दिवसानंतर मागा.

थर्मल गनबद्दलही फार आशा ठेवू नका. गोळी घेतलेल्या माणसाचे अंग दोन-चार तास थंड लागते आणि लोकल पकडण्यापूर्वी गोळी घेणे हा आपल्याकडचा रिवाजच आहे. शिवाय लक्षणे सुरू होण्याआधीचा संसर्ग त्या यंत्राला दिसत नाही. दारात एक माणूस बंदूक घेऊन उभा राहिला की काहीतरी केल्याचे समाधान मिळते, एवढाच तिचा उपयोग.

आता लोकलचे आणि पावसाचे पाहू. पावसात भिजल्याने फ्लू होत नाही, तो विषाणूने होतो. मात्र पावसाळ्यात खिडक्या बंद होतात, माणसे एकाच कोंडलेल्या हवेत जास्त वेळ बसतात, आणि मुंबईत साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात फ्लू वाढतो. जानेवारी ते मार्च या महिन्यांत देशात त्याची आणखी एक लाट येते. लोकलमध्ये लागण होते हे खरेच आहे. विरार किंवा बदलापूरहून येणारा माणूस तास-दीड तास लोकांच्या श्वासात उभा असतो, आणि त्यावर तुमचा काही इलाज नाही. पण डब्यातले सहप्रवासी बदलत राहतात, दारे-खिडक्या उघड्या असतात, आणि प्रवास संपतो. ऑफिसात तीच ४२ माणसे तीच हवा आठ-नऊ तास घेत असतात. लोकलमधून एखाद्याने फ्लू आणणे तुम्ही थांबवू शकणार नाही. त्या एकाचे १७ होणे मात्र बरेचसे तुमच्या हातात आहे.

सुरुवात रजेपासून करा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आणि कामाच्या दिवसांच्या प्रमाणात अर्जित रजा आहे, पण आजारपणासाठी वेगळी पगारी रजा नाही. कायद्याने दिले तेवढेच देणाऱ्या तुमच्यासारख्या कंपनीत ताप, लग्न, मुलांची शाळा आणि गणपती हे सगळे त्याच रजांत बसवावे लागते, आणि कोकणातला माणूस त्यांतून गणपती वजा करून उरलेल्यांवर वर्ष काढतो. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना राज्य कामगार विमा योजनेतून आजारपणाचा भत्ता मिळतो, तो सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के. परंतु आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे त्यात सहसा मिळत नाहीत, आणि फ्लूमध्ये घरी राहण्याची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी त्याच सुरुवातीच्या दिवसांत. तेव्हा वर्षाला तीन दिवसांची स्वतंत्र, पगारी ‘तापाची रजा’ सुरू करा, असा माझा आग्रह आहे. ती साठवता येऊ नये, तिचे पैसे करून घेता येऊ नयेत आणि सणाच्या सुट्टीला लागून घेतली तर दाखला द्यावा लागेल, एवढ्या अटी शेठच्या समाधानासाठी ठेवायला हरकत नाही. सकाळी आठच्या आत फोन किंवा व्हॉट्सॲप, एवढेच तिच्यासाठी पुरे असावे.

शेठ लगेच हिशेब मांडतील, म्हणून तो तुम्हीच आधी मांडून न्या. ४२ जणांनी तिन्ही दिवस घेतले तर १२६ दिवस होतात. यंदा १७ जण सरासरी चार दिवस घरी राहिले असे धरले तर गेलेले दिवस ६८. केवळ दिवस मोजले तर शेठचे म्हणणे खरे ठरते, आणि हे त्यांच्यापासून लपवू नका. पण १२६ ही शेवटची मर्यादा आहे. रजा साठत नाही, विकता येत नाही, म्हणून ती सगळेच सगळी घेतील असे नाही, आणि घेतलीच तरी ती वर्षभरात विखुरलेली असेल. ६८ दिवस गेले ते तीन आठवड्यांत, एकाच हंगामात, एकमेकांच्या फायली कोणालाच ठाऊक नसताना. बिल ऑफ एंट्रीला उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो, त्यावर गोदामाचे डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे भाडे, वेगळे. त्या तीन आठवड्यांत असे किती पैसे गेले याचा आकडा तुमच्या अकाउंट्स विभागात असेल. तो काढा आणि मग बोलायला बसा.

खोट्या तापाच्या रजा काही जण घेतील, हे मी नाकारत नाही. ४२ माणसांत दोघे-तिघे तसे निघतात, आणि बहुधा ते कोण हे तुम्हाला आजही ठाऊक असेल. त्यांच्याशी त्यांच्यापुरते बोलता येते. त्यांच्या भीतीने उरलेल्या चाळीस जणांसाठी नियम करणे हा महागडा व्यवहार आहे.

हजेरी भत्त्याबाबत तीन वाटा आहेत. तो रद्द करावा, असे आरोग्याच्या दृष्टीने कोणीही सांगेल. पण ज्यांच्या घरखर्चात ते २,००० रुपये दर महिन्याला मोजलेले आहेत त्यांच्यावर तो अन्याय होईल आणि तुमचा सगळा बेत पहिल्याच दिवशी नकोसा होईल. तो मूळ पगारात मिळवावा, हे न्याय्य आहे, पण शेठ यंदा मानतील असे पत्रावरून वाटत नाही. तिसरी वाट मला सध्या व्यवहार्य दिसते : भत्ता तसाच ठेवावा, मात्र तापाच्या रजेने हजेरी खंडित झाली असे धरू नये. एका ओळीची दुरुस्ती आहे. ती झाली नाही तर तीन दिवसांची नवी रजा कागदावरच राहील, कारण २,००० रुपये सोडून ती कोणी घेणार नाही.

यापेक्षा अवघड काम फायलींचे आहे. ‘माझ्याशिवाय हे होणार नाही’ ही भावना माणसाला जितकी ओढून आणते तितके पैसेही आणत नसतील, आणि आपल्याकडे या भावनेचे कौतुकही होते. प्रत्येक फायलीला एक जोडीदार नेमा : पार्टीचा संपर्क, चेकलिस्ट, कोणता कागद आला व कोणता यायचा आहे, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे जोडीने बसले तरी पुरते. कस्टमच्या आइसगेट या ऑनलाइन पोर्टलवरचे काम घरूनही होऊ शकते हे खरे, परंतु ते बरे होत आलेल्या माणसासाठी राखून ठेवा. तापात फणफणलेल्याच्या हातात लॅपटॉप देऊन त्याला रजा दिल्याचे समजू नका. आणि सहार विमानतळाच्या कार्गोत उभे राहून माल सोडवणाऱ्या मुलांना घरून कामाची सोय नसते, म्हणून त्यांच्या जोड्या आधी लावा.

घरी किती दिवस राहायचे, हे सर्वांना ठाऊक हवे. पॅरासिटामॉल न घेता पूर्ण २४ तास ताप आलेला नाही आणि बाकी त्रासही उतरणीला लागला आहे, तेव्हा कामावर यावे. पहिले तीन-चार दिवस संसर्ग सर्वाधिक होतो, पुढे तो कमी होत जातो, म्हणून परतल्यावरही चार-पाच दिवस मास्क लावणे शहाणपणाचे. खोकला मागे दोन आठवडे रेंगाळतो. तेवढ्यावरून कोणाला परत पाठवू नका.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला नियमावलीत हवे होते. एक्झॉस्ट फॅनच्या जागेतून कबुतरे येतात आणि एसीची थंड हवा बाहेर जाते, म्हणून तिथे थर्माकोल चिकटवला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो. म्हणजे तुमच्या गाळ्यात सकाळी दहाला जी हवा होती, जवळपास तीच संध्याकाळी सहाला असते, मधल्या वेळात ४२ जणांनी खोकून, शिंकून, बोलून झालेली. थर्माकोल काढा, बाहेरून जाळी बसवा आणि पंखा दिवसभर चालू ठेवा. खिडकीसमोर जुन्या फायलींची खोकी रचलेली असतील तर ती हलवा. पाऊस आत येत नसेल त्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवा, जेवणाच्या सुट्टीत पूर्ण उघडा. विजेचे बिल थोडे वाढेल. हवा पुरेशी खेळते की नाही याचा अंदाज घ्यायला कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळते : बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, आणि भरल्या ऑफिसात यंत्र हजाराच्या वर जात राहिले तर ताजी हवा कमी पडते आहे असे समजावे. थर्मल गनचे पैसे या यंत्रावर खर्च केलेले मला आवडतील.

सॅनिटायझरच्या बाटल्यांनी टेबले भरून टाकू नका. हात धुणे उपयोगी आहेच, कारण कडक पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवसही तग धरू शकतो आणि बोटांच्या ठशांचे हजेरी यंत्र सगळेच हाताळतात. पण बेसिनजवळ साबण संपलेला आणि खुंटीला सगळ्यांचा मिळून एक ओलसर नॅपकिन, अशी स्थिती मी अनेक चांगल्या ऑफिसांत पाहिली आहे. साबण भरलेला ठेवा, नॅपकिन काढून टाका. इतके झाले तरी पुष्कळ.

मुंबईच्या पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लू नसतो, ही गोष्ट ऑफिसच्या सूचनेत ठळक लिहा. फ्लू सहसा अचानक येतो : थंडी, चढा ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, घसा. खोकला-सर्दी नसताना नुसता ताप असेल, थंडी वाजून ताप येत-जात असेल, अंगावर पुरळ असेल किंवा गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालणे झाले असेल, तर मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तपासण्या करायला हव्यात, त्यात दिरंगाई नको. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्याने तर ताप येण्याची वाटही पाहू नये. २४ ते ७२ तासांत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावे. डेंग्यूची शंका असेल तेव्हा अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय. मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि पासष्टीच्या पुढच्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त गुण देते. केमिस्टकडून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकचा फ्लूच्या विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

राहिली लस. ती मला हवीच आहे, सक्ती मात्र नको. २०२२ साली कोविड लशीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. तो निकाल सरकारी धोरणाबाबत होता, पण शेठनी त्याचा आशय ध्यानात घ्यावा. पगारातून काय कापता येते हे तर कायद्यानेच ठरवून दिले आहे, आणि त्यात लस न घेणे बसत नाही. कंपनीने खर्च करावा, डॉक्टरांना ऑफिसात बोलवावे, कामाच्या वेळेत टोचून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी दंड दुखला तर हलके काम द्यावे. एवढे केले तर बहुतेक जण आपणहून पुढे येतात. न येणाऱ्याला कारण विचारू नये. लशीत मेलेला विषाणू किंवा त्याचे अंश असतात, तिच्याने फ्लू होत नाही. ती पूर्ण कवचही नाही : लशीतले आणि त्या मोसमातले विषाणू चांगले जुळले तर डॉक्टरांकडे जावे लागण्याइतका फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, आणि झालाच तरी सहसा सौम्य होतो. विषाणू बदलत राहतात म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. २००९ मध्ये पुण्यात ज्या एच१एन१ने (स्वाइन फ्लूने) थैमान घातले, तो आज दरवर्षीच्या मोसमी फ्लूचाच एक प्रकार झाला आहे आणि लशीत त्याचाही समावेश असतो. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला दोन आठवडे लागतात, तेव्हा मुंबईत सर्वांचे लसीकरण मे महिन्यात उरकलेले बरे.

तुमच्या यादीत हाउसकीपिंगच्या ताई नाहीत, कारण त्या कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर आहेत. बेसिन, टेबले, चहाचे कप, सगळ्यांचा संबंध त्यांच्याशी येतो, आणि एक दिवस न आल्यास त्यांचा पूर्ण रोज कापला जातो. तापाचे तीन दिवस कंपनी भरून देईल असे कंत्राटदाराच्या पुढच्या करारात लिहून घ्या, आणि मे महिन्यात त्यांनाही रांगेत उभे करा.

रजेचा नियम मात्र मे महिन्यापर्यंत थांबवू नका. नव्या वर्षाचे सुट्ट्यांचे पत्रक निघेल त्यातच तो आला, तर जानेवारी ते मार्चच्या लाटेलाही उपयोगी पडेल. रुग्णालयात राहून आलेल्या सहकाऱ्यांनी आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जिचा उल्लेख केला आहे त्या गरोदर सहकारिणीनेही लशीसाठी मे महिन्याची वाट पाहू नये. गरोदरपणात फ्लू अधिक गंभीर होऊ शकतो. ही लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते, आणि आईला मिळालेले संरक्षण बाळाला जन्मानंतरचे काही महिने पुरते. याच आठवड्यात तिला आपल्या प्रसूतितज्ज्ञांशी बोलायला सांगा, आणि त्या दिवसाची अर्धी रजा तिच्या खात्यातून कापू नका.